रस्त्यालगतचे यंत्रगृह : शहरी रेल्वेच्या वीज उपकेंद्रांचा वास्तुविचार

पायाभूत

सर्व वाचकांना नमस्कार.

मेट्रोची स्थानके, त्यांची छते, उन्नत मार्गाचे खांब यांविषयी आपल्याकडे आता बऱ्यापैकी चर्चा होते. गाडीला वीज देणाऱ्या उपकेंद्राच्या इमारतीविषयी मात्र ती होत नाही. कुंपण, पत्र्याचे दार, धोक्याची पाटी आणि लांबच लांब कोरी भिंत, इतकाच तिचा रस्त्याशी संबंध उरतो. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असून अशा इमारतींचे आराखडे तपासण्याचे काम मी काही काळ केले आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, उपकेंद्र ही पिढ्यान्‌पिढ्या शहरात उभी राहणारी सार्वजनिक इमारत असते आणि तिची रस्त्याकडची बाजू यंत्रांच्या मांडणीबरोबरच आखली गेली पाहिजे. यंत्रे ठरल्यावर वरून दर्शनी भाग चढवायचा, ही पद्धत मला मान्य नाही.

प्रथम ही इमारत भर वस्तीत का येते ते पाहू. वेग घेताना एका गाडीला 3 मेगावॅट लागतात असे धरले, तर 25,000 व्होल्टवर सुमारे 120 अँपिअर प्रवाह पुरतो. 1,500 व्होल्टवर तोच 2,000 अँपिअर होतो आणि 750 व्होल्टवर 4,000. वाहकात वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, शिवाय अंतरागणिक व्होल्टेज पडत जाते. म्हणून 750 व्होल्टच्या मार्गावर साधारणपणे दर दीड ते तीन किलोमीटरवर एक उपकेंद्र लागते, तर 25,000 व्होल्टचे एकच उपकेंद्र याच्या कितीतरी पट लांबी सांभाळते. कोलकाता आणि बंगळुरू येथील मेट्रो 750 व्होल्टच्या तिसऱ्या रुळावर, म्हणजे मार्गालगत वीज वाहून नेणाऱ्या रुळावर, चालतात. दिल्ली, मुंबई आणि पुणे येथे 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज वापरली जाते. तिसऱ्या रुळामुळे डोक्यावरची तार टळते आणि बोगदा लहान खोदता येतो, परंतु त्याची किंमत म्हणून दर काही स्थानकांमागे एक यंत्रगृह शहराच्या पोटात सामावून घ्यावे लागते.

ही किंमत समजून उमजून चुकवणारे शहर म्हणून मला न्यूयॉर्कचा दाखला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथील भुयारी रेल्वे 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाली. ती चालवणाऱ्या इंटरबरो कंपनीचे वीजगृह 11व्या अ‍ॅव्हेन्यूवर 58 आणि 59 क्रमांकाच्या रस्त्यांमध्ये होते. त्याची दर्शनी रचना स्टॅनफर्ड व्हाइट या त्या काळच्या अग्रगण्य वास्तुरचनाकाराने केली. तेथे 11,000 व्होल्टची, सेकंदाला 25 आवर्तनांची वीज तयार होई आणि ती आठ उपकेंद्रांकडे जाऊन 625 व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेत रूपांतरित होई. मॅनहॅटनमधला घराचा प्रमाण भूखंड 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल असतो. कंपनीने उपकेंद्रासाठी साधारणपणे असे दोन भूखंड शेजारी-शेजारी घेतले आणि त्या 50 बाय 100 फुटांत प्रत्येकी 1,500 किलोवॅटच्या आठ फिरत्या कन्व्हर्टरांची, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या यंत्रांची, सोय करून ठेवली. म्हणजे इमारतीचे माप यंत्राने ठरवले नाही. शहराच्या भूखंडाने ते ठरवले आणि यंत्रांची ओळ त्यात बसवली गेली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे उजेड आणि हवा पुढून, मागून व छतातूनच घेता येणार. फिरते कन्व्हर्टर ही तापणारी, गरजणारी, अहोरात्र माणसांची देखरेख मागणारी यंत्रे होती. त्यांच्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांना मोठ्या खिडक्या हव्याच होत्या आणि त्या खिडक्यांमुळेच इमारत घरांच्या ओळीत परकी वाटली नाही. पश्चिम 53व्या रस्त्यावरील 13 क्रमांकाचे उपकेंद्र हे याचे उत्तम उदाहरण आहे. न्यूयॉर्कमधील शेवटचे फिरते कन्व्हर्टर 1999 साली बंद झाले, म्हणजे यंत्रांचा हा प्रकार सुमारे 95 वर्षे सेवेत होता. इमारती त्यांच्याहून अधिक टिकल्या.

यंत्र बदलले की इमारतीचा स्वभाव बदलतो, हे बर्लिनमध्ये दिसते. तेथील शहरी रेल्वेचे विद्युतीकरण 1928च्या सुमारास झाले तेव्हा हेच रूपांतर करणारे पाऱ्याचे रेक्टिफायर आले होते. त्यात फिरणारा भाग नव्हता आणि बरीचशी उपकेंद्रे दूरनियंत्रणाने, माणसाविना चालू शकत होती. रेल्वेचे वास्तुरचनाकार रिशार्ड ब्राडेमान यांनी त्यासाठी गडद भाजलेल्या विटांच्या, ठाशीव कडांच्या इमारती उभारल्या. खिडकी ही आता माणसाची गरज राहिली नव्हती, तेव्हा त्यांनी विटांच्या घडणीतून भिंतीला पोत दिला. पॅरिसच्या मेट्रोसाठी पॉल फ्रिएसे यांनी काढलेली उपकेंद्रे याच्या उलट, लोखंडी सांगाडा आणि उंच काचांची आहेत. बास्तीलजवळचे उपकेंद्र त्यांपैकीच आहे.

लंडनचे उदाहरण वेगळ्या कारणाने विचार करायला लावते. एलिफंट अँड कासल येथे रॉडनी गॉर्डन यांनी रचलेले पोलादी पेटीसारखे स्मारक 1961 साली उभे राहिले. ते मायकेल फॅरडे यांचे स्मारक आहे, कारण त्यांचा जन्म जवळच झाला होता. आणि आत नॉर्दर्न व बेकरलू या भुयारी मार्गांना वीज देणारे उपकेंद्र आहे. आतली यंत्रे लोकांना दिसावीत म्हणून गॉर्डन यांना पेटी काचेची हवी होती, परंतु मोडतोडीच्या भीतीने ती स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची करावी लागली. 1996 साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. तिच्या चकाकत्या पत्र्यांवर रस्त्याची वर्दळ उमटते, पण आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. विद्युतप्रवर्तनाचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाच्या स्मारकात प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मर चालू असावा, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. ती काचेतून दिसली असती तर शाळकरी मुलांना केवढा लाभ झाला असता.

आपल्याकडे अशी इमारत कशी असावी, याविषयी जाणकारांची मते वाचण्यास मी उत्सुक आहे.

तारयंत्री

पायाभूत साहेब, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. माझी सारी नोकरी रेल्वेच्या कर्षण विभागात, म्हणजे गाड्यांना वीज पुरवणाऱ्या विभागात, गेली, म्हणून मुंबईची बाजू मांडतो.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विद्युत गाडी 1,500 व्होल्टच्या एकदिश विजेवर धावली. पुढे मार्ग वाढत गेला तशी रुळांच्या कडेने उपकेंद्रेही वाढत गेली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे 25,000 व्होल्टवर रूपांतर 2012 साली पूर्ण झाले आणि मध्य रेल्वेचे 2016 साली हार्बर मार्गासह संपले. त्यामुळे एकदिश विजेची जुनी उपकेंद्रे एका फटक्यात कामावेगळी झाली. त्यांच्या उंच, जाड भिंतींच्या दालनांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न विद्युत विभागाचा राहत नाही आणि वास्तुरचनाकारांनी तो कधी हाती घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एका गोष्टीवर मात्र मी आग्रह धरीन. उपकेंद्राची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर तो बाहेर काढायच्या रात्री होते. आम्ही एका ठिकाणी हे भोगले आहे. दार ट्रान्सफॉर्मरच्या मापाचे होते, परंतु दारासमोर नंतर शोभेसाठी कठडा आणि फुलझाडांचे वाफे केले गेले होते. ट्रेलर वळेना, क्रेनचे पाय टेकायला जागा नाही. शेवटी कठडा तोडला, आणि तोवर पहाटेच्या गाड्यांची वेळ झाली होती. तेव्हापासून नकाशा हातात आला की मी आधी वजनाची वाट शोधतो. रस्त्यापासून दारापर्यंत, दारापासून चौथऱ्यापर्यंत, प्रत्येक फरशी आणि प्रत्येक गटाराचे झाकण ते वजन पेलणारे आहे का, हे पाहतो. दर्शनी भाग सुंदर जरूर करावा, पण ही वाट त्याने अडवू नये.

कौलारू

मी वास्तुरचनाकार आहे. तारयंत्री सरांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांनी सांगितलेला कठडा ही वास्तुरचना नव्हती. वास्तुरचनाकाराला न बोलावता केलेली ती सजावट होती. वजनाची वाट हाच दर्शनी भागाचा मुख्य घटक मानला, तर दारच इतके भारदस्त करता येते की वेगळ्या शोभेची गरज उरत नाही.

तीच गोष्ट हवेची. येथे थोडे आकडे मांडते. 3 मेगावॅटच्या रेक्टिफायर ट्रान्सफॉर्मरमध्ये एक टक्का वीज उष्णतेत गेली, तर पूर्ण भारावर 30 किलोवॅट उष्णता एका खोलीत सतत साचते. बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे अडीच घनमीटर हवा खेळवावी लागते. तिरक्या पट्ट्यांच्या झडपांमध्ये प्रत्यक्ष मोकळी जागा साधारण निम्मीच मिळते आणि हवेचा वेग सेकंदाला मीटरभरच ठेवायचा तर हवा आत घेण्यासाठी एका ट्रान्सफॉर्मरमागे पाच चौरस मीटर झडप लागते, बाहेर सोडण्यासाठी तितकीच. दोन संच असतील तर वीस चौरस मीटर. ही छोटी गोष्ट नव्हे. ती अख्खी भिंत आहे. यंत्रांचे नकाशे पक्के झाल्यावर आमच्या हाती इमारत येते तेव्हा ही वीस चौरस मीटरे चार ठिकाणी विखुरलेली, वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या ठेकेदारांच्या झडपांनी भरलेली असतात. तीच सुरुवातीला एकत्र आणली, तर उभ्या पट्ट्यांची एक सलग भिंत होते आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ सावल्या पडतात. यंत्राची गरज हाच अलंकार होतो, आणि त्यासाठी जादा खर्चही फारसा येत नाही.

कोकणपट्टीत या झडपांना आणखी एक काम करावे लागते. नैर्ऋत्येचा पाऊस आडवा मारतो, म्हणून त्या बाजूला साधी झडप चालत नाही. पाणी अडवणाऱ्या दुहेरी पट्ट्या घ्याव्या लागतात आणि त्यांतून हवा आणखी कमी जाते. दिशा पाहून दालनांची मांडणी फिरवली की हा पेच निम्मा सुटतो.

माहीमकर_स

चर्चा उत्तम चालली आहे. मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव या नात्याने विचारते. आमच्या मागच्या मोकळ्या भूखंडावर अशी एखादी इमारत येणार असल्याची कुणकुण लागल्यापासून सभासद अस्वस्थ आहेत. चुंबकीय क्षेत्रामुळे मुलांच्या आरोग्यावर परिणाम होईल, अशी भीती अनेकांना वाटते. काहींना रात्रीच्या घरघरीची चिंता आहे. यातले खरे किती? आणि आम्ही मागणी नेमकी कोणती करावी?

पायाभूत

ताई, आपण प्रश्न अगदी योग्य शब्दांत विचारला आहे.

चुंबकीय क्षेत्रासाठी अशासकीय आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने 2010 साली सुचवलेली मर्यादा 50 आवर्तनांच्या विजेसाठी, सर्वसामान्य नागरिकांकरिता, 200 मायक्रोटेस्ला आहे. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. म्हणून ज्या भिंतीपलीकडे घर आहे त्या भिंतीला जाड केबल आणि बसबार (मोठा प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) टेकवू नयेत, तेथे कार्यालय, भांडार किंवा बॅटरीची खोली ठेवावी, ही मागणी रास्त आहे आणि आराखड्याच्या टप्प्यावर ती फुकटात मान्य होऊ शकते.

घरघरीचा त्रास मात्र मला अधिक खरा वाटतो. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाबरोबर सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतो आणि 50 आवर्तनांच्या विजेवर तो सेकंदाला 100 वेळा कंप पावतो. हा खालच्या पट्टीतला आवाज साध्या भिंतीला फारसा जुमानत नाही, आणि चौथरा इमारतीच्या पायाशी जोडलेला असला तर तो भिंतींतून चढतो. त्यासाठी चौथरा वेगळा बांधून त्याखाली कंपशोषक पट्ट्या घालाव्या लागतात. पंख्यांचा आवाज आणखी निराळा. आपल्या संस्थेने तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे मी सुचवीन: रात्रीच्या वेळी आपल्या सर्वांत जवळच्या खिडकीपाशी आवाजाची कमाल पातळी किती राहील याची हमी, झडपांची तोंडे आपल्या बाजूला न ठेवण्याचे वचन, आणि तेलाऐवजी रेझिनमध्ये ओतलेले कोरडे ट्रान्सफॉर्मर. तेलाचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याखाली सांडलेले तेल पूर्ण सामावेल असा खडीचा खड्डा आणि भोवती अग्निरोधक भिंती लागतात. घरांना लागून तो नसलेलाच बरा.

हडसनकाठ

न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षे राहणारा मराठी वाचक म्हणून एक भर घालतो. येथे लपवण्याची परंपराही आहे. ब्रुकलिनमधील 58 जोरालेमन रस्ता हे घर बाहेरून शेजारच्या जुन्या घरांसारखेच दिसते, पण त्याच्या खिडक्या काळ्या आहेत आणि आत माणूस राहत नाही. नदीखालून जाणाऱ्या भुयारी मार्गाची हवा खेळवणारे ते यंत्रगृह आहे. ते उपकेंद्र नाही हे मान्य, परंतु प्रश्न तोच आहे. शेजाऱ्यांना असे सोंग आवडते, कारण रस्त्याची ओळ मोडत नाही.

मला स्वतःला पश्चिम 53व्या रस्त्यावरील उपकेंद्र अधिक प्रामाणिक वाटते. ते घर असल्याचा आव आणत नाही, तरी रस्त्याच्या मापात राहते. व्हाइट यांच्या वीजगृहाला 2017च्या डिसेंबरमध्ये शहराने संरक्षित वास्तू घोषित केले. तोवर त्यासाठी कित्येक वर्षे प्रयत्न करावे लागले. उपकेंद्रांच्या वाट्याला इतके लक्ष आलेले नाही. मोठ्या वास्तूला वारसा म्हणणे सोपे असते. गल्लीतल्या लहान वास्तूसाठी कोणी उभे राहत नाही, आणि शहराचा चेहरा तर गल्ल्यांनीच बनतो.

तारयंत्री

लपवण्यावरून एक सांगावेसे वाटते. हल्ली "सगळे जमिनीखाली टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. मुंबईत तो देण्यापूर्वी 26 जुलै 2005 आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. न्यूयॉर्कमध्येही 29 ऑक्टोबर 2012च्या सँडी वादळात खारे पाणी भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत शिरले. स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेत, खारे पाणी गेले की ते पुसून पुन्हा सुरू करता येत नाही. क्षार आत राहतो आणि गंज पुढे महिनोन्‌महिने डोके वर काढतो. भुयारी स्थानकांना आपापले साहाय्यक उपकेंद्र स्थानकातच लागते, त्याला पर्याय नाही. पंखे, दिवे, सरकते जिने, पाणी उपसणारे पंप सारे त्यावरच चालतात. परंतु जेथे निवड शक्य आहे तेथे मुख्य उपकेंद्र जमिनीच्या वरच असावे, आणि केबलचे तळघर करायचे असल्यास त्याचे तोंड पुराच्या पातळीच्या वर असावे. माझ्या मते किनारी शहरात उंच जोते हाच उपकेंद्राच्या दर्शनी भागाचा पहिला घटक आहे.

कौलारू ताईंना विनंती, या जोत्याचे रस्त्याच्या पातळीवर काय करावे ते सांगावे. माणूसभर उंचीची कोरी भिंत झाली की तेथे कचरा साठतो.

कौलारू

सर, अगदी बरोबर. जोते पदपथाच्या कडेपासून हात-दीड हात मागे घेऊन पुढे बसता येईल असा दगडी ओटा करावा. वजनाच्या वाटेच्या बाजूला तो मुळीच नसावा. आपल्याकडे बसस्टॉपपाशी माणसे उन्हात उभी असतात. तेथे सावलीचा पुढे काढलेला छज्जा आणि ओटा असला की कोरी भिंतही उपयोगी पडते. ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला कॅमेऱ्याचे आणि कडीकुलपाचे संरक्षण असतेच, म्हणून ओट्यामुळे सुरक्षितता कमी होत नाही. भिंतीवर वेली चढवण्याला मात्र माझा विरोध आहे. झडपांत पाने अडकतात, मुळे सांध्यांत शिरतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नसते.

हवेऐवजी विशिष्ट वायूचे विद्युतरोधन असलेल्या स्विचगिअरमुळे जागा पुष्कळ वाचते हे खरे असले तरी त्यातील सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 23,500 पट तापमानवाढ घडवणारा आहे. जागा वाचवण्याच्या मोहात त्याचा वापर वाढवताना गळती मोजण्याची आणि तो वायू परत भरून घेण्याची सोय इमारतीतच असली पाहिजे.

डेपोकर

एका वाढत्या गरजेकडे लक्ष वेधतो. विद्युत बसगाड्यांचे आगार. 240 किलोवॅटचे 25 चार्जर एकाच वेळी चालले तर 6 मेगावॅट लागतात, म्हणजे एका बस आगारालाच मेट्रोच्या उपकेंद्राइतकी वीज हवी. आगार शहराच्या मध्यावर असतात आणि तेथे फाटकालगत, जिथे जागा सापडेल तिथे, जाळीच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर उभे केले जात आहेत. बस वळताना मागे-पुढे होते, त्या जाळीपासून ती वीतभरच लांब राहते. आम्हाला पुढच्या आगारासाठी आराखडा द्यायचा आहे. पहिला निर्णय कोणता घ्यावा?

पायाभूत

डेपोकर, ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवायचा हा पहिला निर्णय करू नका. आगाराच्या नकाशावर आधी बसच्या वळणाची वर्तुळे काढा, मग तारयंत्री सरांनी सांगितलेली वजनाची वाट रस्त्यापासून आखा, आणि दोन्ही एकमेकांना कापणार नाहीत अशी जी कड उरते तेथे उपकेंद्र बसवा. ती कड बहुधा सार्वजनिक रस्त्याला लागून येते, आणि ते चांगलेच आहे. वीज कंपनीची केबल तेथून आत येते, दुरुस्तीची माणसे फाटक न ओलांडता पोहोचतात आणि रस्त्याकडे तोंड असल्यामुळे इमारतीला चेहरा द्यावाच लागतो. आज 6 मेगावॅट लागत असतील तर दुप्पट यंत्रांच्या खोल्या आताच बांधून रिकाम्या ठेवा. इंटरबरोने 1904 साली उपकेंद्रे आखताना पुढे वाढणाऱ्या यंत्रांची जागा आधीच धरली होती. झडपांची भिंतही दुप्पट भाराच्या हिशेबाने बांधा, कारण भिंतीत नंतर भोके पाडणे हेच सर्वांत महाग पडते. आराखड्याची पहिली रेघ उमटली की येथे मांडा. कौलारू ताई आणि सर दोघेही त्यावर बोलतील अशी मला आशा आहे.